टोरीचे तेल प्यालेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझ्या वयाच्या गाड्यांचे केव्हाच पत्रे झाले आणि त्या पत्र्यांच्या बादल्या झाल्या. मी मात्र आज मुखरूभाऊंच्या अंगणात, मांडवाखाली, कोरड्या जागी उभी आहे. चाकांना धानोऱ्याकडची लाल माती लागली आहे. ती अजून कोणी धुतलेली नाही, आणि मलाही ती धुऊन घ्यायची घाई नाही. माझ्या पोटात आज जे असायला हवे तेच आहे, त्यामुळे जीव स्वस्थ आहे. मध्यंतरी तसे नव्हते. ती गोष्ट तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या शेजारी गोल गालांच्या, चकचकीत मोटारी तयार होत होत्या. माझे अंग चौकोनी, बसायच्या जागा कडक, आणि वर कापडाचे छत. पण माझ्याकडे एक दांडा असा होता की तो ओढला की माझी चारही चाके एकदम जोर लावत. ज्या चिखलात त्या मोटारी रडल्या असत्या, त्यातून मी हसत बाहेर येत असे. म्हणून मला मालगाडीवर चढवून चंद्रपूरला पाठवले, बांबूच्या एका ठेकेदाराकडे.

जंगलात मी पुष्कळ वर्षे राबले. बांबू कापणाऱ्यांच्या तळावर तांदूळ, मीठ, मिरची मीच पोचवत असे. तापाने फणफणलेली माणसे मी दवाखान्यात नेली. एकदा तर वैनगंगेच्या काठावर माझ्या मागच्या बाकावरच एक बाळ जन्मले. त्या मुलीचे नाव आजीने जीपाबाई ठेवले, असे म्हणतात. खरेखोटे तिलाच ठाऊक. पण त्या दिवशी सगळ्या तळाने माझ्या बोनेटवर थाप मारली होती, ती मी विसरले नाही.

पुढे ठेकेदार थकला, काम बंद पडले, आणि मला मोहर्लीच्या बाजूच्या एका रिसॉर्टवाल्याने घेतले. मला वाटले, आता पुन्हा जंगल! पण त्याने मला पिवळा रंग दिला, त्यावर काळे पट्टे ओढले आणि फाटकाजवळ विटांवर उभे केले. बोनेट काढून इंजिनावर पत्र्याचा ट्रे ठेवला, त्यात माती भरली आणि झेंडू लावला. वाघ पाहायला आलेल्या लोकांना वाघ दिसला नाही, की ते माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. माझे इतके कौतुक आयुष्यात कधी झाले नव्हते. आणि इतकी वर्षे मी कधी गप्पही बसले नव्हते. कोणी एकदाही चावी फिरवली नाही. चावी होती कुठे तेसुद्धा कोणाला माहीत नव्हते.

झेंडूला रोज पाणी घालत आणि ते ट्रेच्या भोकातून माझ्या इंजिनावर टपकत असे. हे फक्त एका माणसाने पाहिले. तो म्हणजे तिथला माळी, मुखरू. त्याने खताच्या पोत्यातले प्लास्टिक काढले आणि ट्रेखाली नीट अंथरले. कोणाला सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

मुखरूभाऊ साठीच्या पुढचे. तरुणपणी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले, लायसन जपून ठेवले, पण स्वतःची म्हणावी अशी चाकाची वस्तू एकच, बैलगाडी. त्यांची बायको सोमारीबाई. सहा वर्षांपूर्वी ती बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, काठी घेऊन ती घरात हिंडते, पण मोटारसायकलवर बसणे कायमचे बंद झाले. तिची थोरली बहीण बायनाबाई राहते धानोऱ्याच्याही पुढे, जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर. एसटी जिथे थांबते, तिथून पुढे तीन नाले. त्यांत म्हशीएवढे दगड. भाड्याच्या गाडीवाल्याला तो रस्ता नुसता सांगितला तरी तो फोन ठेवून देत असे. दोघी बहिणींनी सहा वर्षांत एकमेकींचे तोंड पाहिले नव्हते. फोनवर आवाज ऐकू येई, तोही बायनाबाईचा सासरकडचा भाचा रेंजसाठी टेकडीवर चढला तर.

गेल्या पावसाळ्यात बायनाबाईने निरोप धाडला, "या माघात ये वं सोमारी. पुढचा माघ मी पाहीन का नाई, मले भरवसा नाई."

त्याच सुमारास रिसॉर्टवाल्याने फाटकावर फायबरचा मोठा वाघ बसवायचे ठरवले. मला भंगारात काढले. मुखरूभाऊ मालकासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मला मागितले.

मालक हसला. "मुखरू, ही चालवणार की हिच्यात वांगी लावणार?"

"चालवीन साहेब. बायकोले तिच्या बहिणीकडं न्यायचं हाये."

मालकाचे हसू थांबले. भंगारवाला जे देणार होता तेवढ्यातच त्याने मला देऊन टाकले आणि माझे जुने कागदही शोधून दिले.

मी ट्रॅक्टरला बांधून, धूळ खात गावात आले. शेजारी श्रावण रस्त्यातच आडवा आला. हा मुखरूभाऊंचा लहानपणापासूनचा सोबती, त्यामुळे जिभेला लगाम नाही.

"मुखरू, वाघ आणला का बे घरी? आता माह्या बकऱ्या बांधून ठेवा लागन!"

"तुह्यापेक्षा बरी हाये. पट्टे तरी हायेत हिले," मुखरूभाऊ म्हणाले. पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

मला उठवायला भद्रावतीहून राजदीप मिस्त्री आला. पस्तिशीचा, हाताने काळा, जिभेने गोड. त्याने ट्रे उचलला, प्लास्टिक बाजूला केले आणि बराच वेळ माझ्या इंजिनाकडे पाहत बसला.

"भाऊ, याच्यावर एवढे वर्स पाणी पडलं म्हणता, अन् हे वाचलं कसं? हे पोतं कोणं टाकलं?"

"मीनंच टाकलं."

"काऊन?"

"पानी पडून राह्यलं होतं," मुखरूभाऊ म्हणाले. याहून जास्त कारण त्यांना सुचले नाही.

राजदीप दर आठवड्याला येई. टाकीतून त्याने चिखल काढला, कार्ब्युरेटरमधून मुंग्यांचे घर काढले, सीटखालून सापाची कात काढली. ती पाहून सोमारीबाई म्हणाली, "भाडं न देता राहून राह्यला होता मेला." नवे टायर आले, जुन्या गाडीचा रेडिएटर आला, बोनेट एका पत्र्यावाल्याने ठोकून दिले. रंग मात्र पिवळ्या पट्ट्यांचाच राहिला. तो बदलायला सवड नव्हती आणि सोमारीबाईला तो आवडलाही होता. दिवाळीच्या आधी एका दुपारी राजदीपने चावी फिरवली. मी खोकले, निळा धूर सोडला, सगळ्या कोंबड्या कुडावर चढल्या, आणि मग माझा आवाज लागला. किती वर्षांनी! मुखरूभाऊंनी माझ्या बोनेटवर हात फिरवला आणि बैलाला म्हणावे तसे "हो, हो, हो" म्हटले.

निघताना राजदीपने ब्रेकची डब्बी दाखवली. "इथलं ऑईल जरासं कमी होऊन राह्यलं. थोडे दिवस पाहात राहा. कमी झालं त हे बाटलीतलं टाका." आणि त्याने एक लहान बाटली ठेवली.

आता मित्रांनो, इथे नीट ऐका.

ती लहान बाटली पंधरा दिवसांत संपली. भद्रावती लांब. धानाची कापणी ऐन भरात. डब्बी तर तळाला गेलेली. मुखरूभाऊंनी रिकाम्या बाटलीला चिकटलेला थेंब बोटावर घेऊन पाहिला. पिवळसर, बुळबुळीत. मग ते घरात गेले आणि कोनाड्यातली काचेची बाटली घेऊन आले. तिच्यात टोरीचे तेल होते. टोरी म्हणजे मोहाचे फळ. तिच्या बियांचे तेल आमच्याकडे घरोघरी असते, भाजीला आणि दुखऱ्या अंगाला. बैलगाडीच्या आखालाही जन्मभर त्यांनी तेच घातले होते, आणि गाडी कधी कुरकुरली नव्हती. त्यात हे सोमारीबाईने स्वतः सुती फडक्यातून दोनदा गाळलेले. घरातली सगळ्यात चांगली वस्तू त्यांनी मला दिली. बायकोला न विचारता, अर्धी बाटली.

मला वास वेगळा लागला. पण ऊन होते, तेल पातळ होते, ते माझ्या नळ्यांतून सुरळीत वाहिले आणि ब्रेक लागला. खरे सांगते, मलाही वाटले की माणसाने माझे लाड केले. मुखरूभाऊ रोज शेतातून आल्यावर, तिसऱ्या प्रहरी मला गावाबाहेर नेऊन हात बसवत. ब्रेक दाबला की मी थांबत असे. सगळे छान चालले होते.

मग पूस, म्हणजे पौष, लागला. थंडी पडली.

माघात निघायचे तर पहाटेच निघायला हवे होते. चंद्रपूर, मूल, गडचिरोली करत धानोरा गाठायचे आणि पुढचे नाले दिवसाउजेडी ओलांडायचे. म्हणून मुखरूभाऊंनी एक दिवस सकाळी मला बाहेर काढून पाहिले. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो पाय दगडावर पडावा तसा थांबला. दाबलाच जाईना. माझ्या नळ्यांत काहीतरी घट्ट बसले होते. नशिबाने समोर चढ होता. गिअरवर कशीबशी थांबले. दुपारी मात्र ब्रेक पुन्हा लोण्यासारखा.

राजदीपला बोलावले. तो मोटारसायकलने येईपर्यंत बारा वाजत. चाके खोलली, डब्बीचे झाकण उघडले, आत पिवळे दिसले, भरलेली दिसली, झाकण लावले. चालवून पाहिले, सगळे ठीक. चार दिवसांनी पुन्हा बोलावले, पुन्हा तेच.

"भाऊ, तुमची जीप दुपारी मायसारखी अन् सकाळी सासूसारखी," तो डोके खाजवत म्हणाला. "मी असं करतो, एक दिवस मुक्कामालेच येतो. सकाळी पाहू काय म्हणते ते."

मुखरूभाऊ तेलाचे बोलले नाहीत. एक तर त्यात काही वावगे झाले असे त्यांना वाटतच नव्हते, आणि दुसरे, बायकोच्या बाटलीला न विचारता हात लावला होता. मला मात्र सगळे कळत होते. पण गाडीला तोंड कुठे असते? मी फक्त सकाळी अडत होते आणि दुपारी चालत होते. यापेक्षा स्पष्ट मला बोलता येत नव्हते.

राजदीपच्या मुक्कामाचा दिवस यायच्या आधीच भाच्याचा फोन आला. बायनाबाईला ताप होता, जेवण सुटले होते, ती सारखी सोमारीचे नाव घेत होती.

"उद्या जाऊ," सोमारीबाई म्हणाली. "माघाची वाट नोको पाहू जी."

"ब्रेक सकाळचा बराबर नाई वं."

"तुम्ही हळू चालवा."

दुसऱ्या दिवशी फटफटताना ती माझ्या पुढच्या सीटवर बसली. मांडीवर गाठोडे, गाठोड्यात बहिणीसाठी नवे लुगडे. मुखरूभाऊंनी मला पहिल्या गिअरमध्ये बाहेर काढले. बोडीच्या पाळीवरून गावाबाहेर उतार आहे. त्या उतारावर त्यांनी पाय दाबला, अंगातला सगळा जोर लावून दाबला, पण ब्रेक हलला नाही. गिअरने मला थोडे धरले, पण मी जड, उतार ओला, आणि समोर शाळेचा पाणवठा. पाणवठ्यावर दोन बाया घागरी भरत होत्या. मुखरूभाऊंनी स्टेअरिंग पूर्ण वळवले आणि मी श्रावणच्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात घुसले. बोनेटपर्यंत.

 सोमारीबाईच्या डोक्यावर तणीस होते, गाठोडे तिने छातीशी धरलेले होते. तिला खरचटलेही नव्हते, पण खुब्याला हिसका बसला होता. श्रावण धावत आला. आधी त्याने तिला उतरवले, मग मुखरूभाऊंचे हातपाय चाचपले, आणि सगळे ठीक आहे हे कळल्यावरच त्याची जीभ सुटली.

"वाघानं तणीस खाल्लं बापा! असा वाघ पहिल्यांदा पाहून राह्यलो."

मुखरूभाऊ हसले नाहीत.  "बस झालं," ते म्हणाले. "तुले मारून टाकलं असतं मीनं. उद्या भंगारवाल्याले सांगतो."

सोमारीबाईने गाठोडे काखेला मारले. काठी टेकत घरी गेली. मी तणसात तोंड खुपसून उभी राहिले. तेव्हा मला झेंडूचे दिवस आठवले. ते तरी सुखाचे होते, असे वाटले. मित्रांनो, इतकी वाईट सकाळ माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

बैलांनी मला ओढून अंगणात आणले तेव्हा ऊन वर आले होते. सोमारीबाई ओट्यावर बसली होती. खुबा दुखत होता म्हणून तिने चोळायला कोनाड्यातली तेलाची बाटली आणवली. थंडीत टोरीचे तेल तुपासारखे गोठते. ते आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणून सगळ्या बाया ती बाटली आधी उन्हात ठेवतात. तिनेही ठेवायला हात पुढे केला, आणि थांबली.

"अवो, हे अर्धी कशी? दिवाळीले त गळ्यापर्यंत होती."

मुखरूभाऊ दावे गुंडाळत होते. ते गुंडाळतच राहिले.

"कोणाले देली जी?"

"कोणाले नाई."

"मंग उंदरानं पेली?"

"जीपले टाकली," ते दाव्याकडे पाहून म्हणाले. "ब्रेकच्या डब्बीत. मिस्त्रीचं सरलं होतं. तू गाळलेलं चांगलं तेल हाये म्हणून टाकलं वं."

सोमारीबाईने त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग हातातली बाटली उलटी धरली. एक थेंब पडला नाही. पांढरा गोळा तळाशी तसाच चिकटलेला.

"हे पाहा," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या तोंडातून निघून नाई राह्यलं. तिच्या बारक्या नळीतून निघन का? तिच्याही पोटात गोठलं ना जी!"

आणि ती हसायला लागली. खुबा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मुखरूभाऊ आधी बावळटासारखे उभे राहिले, मग मटकन माझ्या पायरीवर बसले. त्यांच्या छातीतून निघालेला सुस्कारा माझ्या पत्र्याला लागला. माझा जीव तेव्हा किती हलका झाला, कसे सांगू! इतके दिवस जे ओरडून सांगावेसे वाटत होते, ते एका बाटलीने सांगून टाकले.

राजदीपला फोन लावला. त्याला सगळे सांगितले.

"भाऊ... ब्रेकमंदी खायचं तेल?"

"खायचं नाई. आंगाले लावाचं," मुखरूभाऊ म्हणाले.

"म्हणून! म्हणून दुपारी माय अन् सकाळी सासू! अन् मी असा येडा, डब्बी उघडली, पिवळं दिसलं अन् झाकण लावलं. बोट बुडवून वास घेतला असता त तेव्हाच समजलं असतं. येतो, आत्ता येतो."

तो आला. त्याने माझ्या नळ्या खोलल्या, सगळे तेल काढले, आतून धुतल्या, फुगलेले रबर फेकून नवे बसवले आणि खरे ब्रेक ऑईल भरले. "दाबा भाऊ... धरा... सोडा... दाबा." मुखरूभाऊ दाबत होते, सोडत होते. शेवटची हवा निघून गेली तेव्हा मला वाटले, खूप दिवसांनी पूर्ण श्वास घेतला. त्या दिवशी राजदीप मुक्कामाला राहिला. सकाळी पाहू काय म्हणते, हे त्याचे बोलणे त्याने पाळले.

पहाटे गवतावर दव पांढरे पडले होते. त्याच उतारावर श्रावण आपल्या तणसापुढे कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आता माह्या तणसाले तोंड लावजो नोको!" तो मला म्हणाला.

मुखरूभाऊंनी पाय दाबला. मी थांबले. श्रावणच्या गुडघ्यापासून हातभर आधी, शहाण्यासारखी. श्रावणने डोळे मिटले होते. ते त्याने उघडले आणि माझ्या बोनेटवर थाप मारली. बांबूच्या तळावर मिळाली होती, तशीच.

मग आम्ही गेलो. चंद्रपूर मागे पडले, मूल मागे पडले, वैनगंगेच्या पुलावर मी जुन्या ओळखीचे पाणी पाहिले. गडचिरोली, धानोरा, आणि मग पक्का रस्ता संपला. पहिला नाला आला तेव्हा मुखरूभाऊंनी उतरून पाणी पाहिले, परत येऊन तो दांडा ओढला, आणि माझी चारही चाके एकदम जागी झाली. दगडांवरून मी बेताने चढले, बेताने उतरले. सोमारीबाईने एका हाताने गाठोडे आणि दुसऱ्या हाताने माझी कड धरली होती. दुसरा नाला, तिसरा नाला. तिसऱ्यातून बाहेर आल्यावर तिने कड सोडली.

बायनाबाई अंगणात खाटेवर बसून होती. ताप उतरला होता, पण अंग काडीसारखे. पट्ट्यापट्ट्यांची मी झाडांतून बाहेर आलेली पाहून तिने कपाळावर हात धरला. सोमारीबाई उतरली, काठी टेकत जवळ गेली. 

"वाघावर बसून आली का वं?" बायनाबाई म्हणाली.

"तू जेवत नाई म्हणते भाचा. म्हणून वाघ आणला."

"म्हातारी झाली तू."

"अन् तू त जशी जवान हाये!"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्या संध्याकाळी बायनाबाई दोन घास भात जेवली. मी अंगणात उभी होते, बोनेट अजून गरम होते. जेवण झाल्यावर तिने येऊन त्यावर आपले दोन्ही हात शेकले.

चार दिवसांनी निघताना बायनाबाईने खुब्याला लावायला टोरीचे तेल दिले, बाटली गळ्यापर्यंत भरून. मुखरूभाऊंनी हात पुढे केला. सोमारीबाईने बाटली काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"हे याहिच्या हाती नोको देऊ," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल, एखादे जुने माणूस असेल. त्यांच्यावर माया करा, पण त्यांना काय लागते ते आधी जाणत्याला विचारा. आपल्याकडे सगळ्यात चांगले जे असेल, तेच त्यांना मानवेल असे नसते. आणि हातून चूक झालीच, तर लपवू नका. मुखरूभाऊ दोन महिने गप्प राहिले आणि मी दर सकाळी गोठत गेले. ते एकदा बोलले आणि एका दुपारीत मी बरी झाले.

थंडी अजून गेलेली नाही. सोमारीबाई रोज सकाळी ती तेलाची बाटली उन्हाला ठेवते, आणि अंगणात सगळ्यात आधी ऊन माझ्या बोनेटवर येते, म्हणून तिथेच ठेवते. बाहेर, झाकण घट्ट लावून. तिथे ती मला फार आवडते.